मॅग्नेशियमपुढचा कंस

आई, सकाळी तुझ्या शाळेतून फोन आला होता. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला या आणि मॅडमविषयी थोडं बोला, म्हणाले. तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. दूध उतू गेलं, तेही वासाने कळलं. तू रसायनशास्त्राची कडक शिक्षिका होतीस हे इथे आपल्या नजरबाद भागात कुणाला सांगायला नको. मला सांगावंसं वाटतं ते तुझ्या आयुष्यातल्या शेवटच्या वर्षाचं, आणि ते माइकसमोर कसं सांगायचं हे कळत नाही.

तुझ्याशी माझं रसायनावरून कधी जमलंच नाही. मी नववीत असताना इडलीच्या पिठात धुण्याचा सोडा घातला होता, आठवतं? सगळं पीठ ओतून देताना तू म्हणालीस, "नुसतं सोडा म्हणजे काय? पुरतं नाव घे. एकात हायड्रोजन आहे, दुसऱ्यात नाही. तेवढ्यावरून एक पोटात जातो, दुसरा कपड्यांना लागतो." मी ओरडले, "साकु ग आई, पुरे तुझं रसायन!" आणि दहावी झाल्यावर हट्टाने कॉमर्सला गेले. तू अडवलं नाहीस. फक्त बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होतीस.

मग तुला पक्षाघात झाला आणि शब्दच गेले. मराठी गेली, कानडी गेली, शाळेतली इंग्रजी गेली. उरला एकच शब्द, "अदु", कानडीतलं "ते". पाणी हवं तरी "अदु", उशी टोचली तरी "अदु". मी एकेक वस्तू पुढे करायची, तू मान हलवायचीस, शेवटी दोघी रडकुंडीला यायचो. तू जेवण सोडलंस. ताट डाव्या हाताने लोटून दिलंस. बेंगळुरूहून दादा आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, तुझ्यासमोरच म्हणाला, "तिला आता काही समजत नाही ग. माझ्याकडे तिकडे एक शुश्रूषागृह आहे, तिथे चोवीस तास नर्स असते. सोमवारी मी तिला घेऊन जातो." खरं तर मीही थकले होते.

तू त्याच्याकडे बघतेस. मग उशाजवळचं वर्तमानपत्र ओढतेस, माझ्या हातातलं पेन घेतेस आणि कोऱ्या समासात डाव्या हाताने काहीतरी गिरवतेस. दादा म्हणतो, "बघ, रेघोट्या." मी वाकून बघते. मोठा M, त्याला चिकटलेला g. मग कंस, त्यात OH, कंस बंद, आणि खाली बारीक २. मी वाचते, "एम जी, ओ एच, दोन." तू पेनाच्या टोकाने कंसावर ठकठक करतेस. कंस का वगळलास, असं रागावून. तो राग मला ओळखीचा होता. मी तो कागद घेऊन चप्पल न घालताच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकदा बघितलं आणि विचारलं, "मिल्क ऑफ मॅग्नेशिया? कोणाचं पोट साफ होत नाहीये?"

कितीतरी दिवस तुझं पोट दुखत होतं, आणि आम्ही तुझ्या डोक्याची काळजी करत होतो. डॉक्टरांना फोनवर विचारून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी तू सारू-भात मागून घेतलास, म्हणजे ताटाकडे बोट दाखवून "अदु" म्हणालीस, आणि सारात मीठ कमी होतं म्हणून NaCl लिहून ताट माझ्याकडे सरकवलंस. दादा हसता हसता बाहेर गेला आणि तिथे बराच वेळ तोंड धूत राहिला. सोमवारी तो एकटाच परत गेला.

मी शाळेचं पुस्तक विकत आणलं. ज्या विषयापासून पळाले तो तुझ्या पलंगाशी बसून शिकले. कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघून तू CO(NH₂)₂ लिहायचीस आणि मी युरिया घालायचे. तुझ्या लोहाच्या गोळीचं सूत्र लिहून तू थांबलीस तेव्हा मी म्हणाले, "आयर्न सल्फेट." तुझी मान नाही म्हणाली. "फेरिक?" नाही. "फेरस सल्फेट!" तेव्हा कुठे तू गोळी गिळलीस. इतकं आपण आधी कधी बोललोच नव्हतो.

एकदा मी हिय्या करून विचारलं, "आई, आणि मी? मला काय लिहिशील?" तू पेन धरून माझ्याकडे बघत राहिलीस. ओठ हलले. "अदु," म्हणालीस, आणि माझा तळवा गालाशी धरलास. हे शाळेत सांगितलं तर लोक डोळे पुसतील. माझं मात्र तेवढ्याने भागत नाही. माझं नाव तुला सापडत नव्हतं की ते गेलंच होतं? याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून मी अशी फिरते आहे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पाठवायला तर ठिकाणच नाही. पण तुला एक सांगते. तुझ्या उशाशी मी कोरा कागद ठेवायचे, तो तुला काही लागलं तर म्हणून, असं सगळ्यांना सांगत होते. रोज उठल्यावर, तुला काय हवंय हे बघण्याआधी, मी त्यावर माझं नाव शोधायचे.