पोरकट म्हणू नकोस

रविवार, सकाळ

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. मी ठीक आहे. दूध दोनदा उतू गेलं. खाली दुकानात फ्रेमची कामं बरी येताहेत. शेजारच्या मावशींनी विचारलं, पोरगी का रुसली? म्हटलं, गंमत म्हणून तिचा बूट लपवला होता. त्या म्हणाल्या, "तुमचा स्वभावच निरागस." मी मान डोलावली खरी, पण वर येऊन आधी हा कागद काढला.

तुझी आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "मला मुलं दोन. एक माझं, एक सासूबाईंचं." त्या बोलण्यावर मी जन्मभर लाड करून घेतले.

लहानपणी मी कामावर जाऊ नये म्हणून तू माझी चप्पल लपवायचीस. नेहमी दाराआडच. आणि मी उगाच सगळं घर धुंडाळायचो.

मुलाखतीच्या सकाळी तू आधी हसलीस. "बाबा, द्या ना आता." मग पलंगाखाली शिरलीस, मग रडू लागलीस. मी आपला हसत उभा. शेवटी माझ्या चपला अडकवून पळालीस, तोवर बस गेली होती. संध्याकाळी सामान भरताना एवढंच म्हणालीस, "बाबा, हा पोरकटपणा झाला." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पोरकट म्हटलं की अर्धी माफी मिळाल्यासारखीच असते.

ठमे, बूट दाराआड नव्हता. दुकानात काचांच्या थप्पीमागे होता. तिथे हात घालायचा नाही, असा दम मीच तुला लहानपणी दिला होता आणि तू अजून तो पाळतेस. मला हे ठाऊक होतं. नोकरी लागली की तू परगावी जाणार आणि मी एकटा पडणार, एवढंच डोक्यात होतं. मुलं वस्तू लपवतात ती सापडावी म्हणून. मी लपवला तो सापडू नये म्हणून. तेव्हा मला पोरकट म्हणू नकोस, पोरांची बदनामी होते.

तुला पुन्हा मुलाखतीला बोलावलंय, असं मावशींकडून कळलं. बूट सोबत पाठवतोय, पॉलिश केलाय. जा. एकटं राहायला शिकेन मी. नाही जमलं, तरी ते निस्तरणं तुझं काम नव्हे.

एरवी पत्राखाली 'तुझा बाळबाबा' लिहायचो. आज तसं लिहायची लाज वाटते.

तुझा बाप