खऱ्या मशीनवर दाखवा

बाळकुम, ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुधीरदादा,

नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू "बरं, ते जाऊ दे" म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देते, म्हणून.

आम्ही ठीक. नंदावहिनीचे अनारसे आमच्या समीक्षाने चार दिवसांत संपवले. कल्याणच्या त्या पॅथॉलॉजी लॅबने तुझ्या जागी अजून कुणाला घेतलं नाही, असं कानावर आलं.

भाऊबीजेला तू हसत हसत म्हणालास, "हौस माझीच गं. एका मोठ्या मशीनच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीनं मांडायला कुणी सांगितलेलं? लॅबचे डॉक्टर कामावरून काढणारच." मग लॅबचं सॉफ्टवेअर ज्यांचं, त्या आमच्या कंपनीची नक्कल केलीस. "'कृपया हाच दोष आधी खऱ्या मशीनवर दाखवा.' काय तो माणूस! तीन वेळा कृपया, मदत शून्य." सगळे हसले. मीही हसले.

दादा, तो माणूस मी होते.

डेटाबेस अडकून रिपोर्ट थांबले, तेव्हाची तुझी तक्रार वागळे इस्टेटमध्ये माझ्याच टेबलावर आली. खाली तुझं नाव होतं. व्हर्च्युअल मशीन दिसलं की दोष त्या मांडणीचाच धरून आम्ही ते उत्तर पाठवतो. ते तयारच असतं. खऱ्या मशीनवर दाखवायला तू कुठूनतरी जुना सर्व्हर मागून आणलास, सोळा दिवस घालवलेस. दोष आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे हे मला दुसऱ्या दिवशीच कळलेलं. तशाच आणखी दोन तक्रारी होत्या, त्यातली एक तर खऱ्या मशीनवरचीच. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, दुरुस्ती तयार होईपर्यंत नेहमीचंच उत्तर जाऊ दे.

मी जाऊ दिलं. तीन वेळा.

तू मला फोन का केला नाहीस, तेही माहीत आहे. नोकरी लागली तेव्हा मीच बजावलेलं, ओळखीची कामं ऑफिसात आणू नकोस. विठ्ठलवाडीच्या खोलीत मला कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला मी हे सांगितलं, आणि तू ते पाळलंस.

सोबत डॉक्टरांसाठी वेगळं पत्र आहे. त्यात तारखा आहेत, आणि तुझी मांडणी बरोबर होती, दोष आमचा होता, मला ठाऊक होतं, एवढंच लिहिलंय. ते त्यांना दे. माझ्या ऑफिसात कळलं तर मी बघेन. तुझी नोकरी परत मिळेलच असं नाही, पण यापुढे कुणासमोर "हौस माझीच" म्हणू नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील.

त्या तिन्ही उत्तरांखाली नुसतं 'सपोर्ट टीम' होतं. या दोन्ही पत्रांखाली नाव घातलंय.

तुझी बहीण,
रसिका