पत्रावळीला पिशवी

कामथडी. शनिवार, नवरात्रातली पाचवी माळ, २००८

आज सुमनवर आवाज चढला. चढायला नको होता. जाऊ असली तरी पाठच्या बहिणीसारखी. पण चुकलं तिचंच.

पुण्यात देशोदेशीची पोरं खेळायला येणार आहेत. तिथल्या जेवणात प्लास्टिक नको, म्हणून आम्हा बायकांना पळसाच्या पत्रावळी लावायला सांगितल्या. उद्या टेम्पो येणार. आणि हिनं काय करावं? एकेक पत्रावळ प्लास्टिकच्या पिशवीत घातली! म्हणजे अंघोळ करायची आणि उकिरड्यात लोळायचं.

"आक्का, परदेशी पाव्हणं जेवणार. धूळ लागली तर नाक मुरडतील की!"

तिचं मनही चांगलंच ना. पाहुण्याला स्वच्छ ताट वाढावं, एवढंच. मी तरी इतकं का तापावं?

बोलत बसले नाही. एक पत्रावळ म्हशीपुढं टाकली. बांबूच्या चोयांच्या टाक्यांसकट खाल्ली तिनं. म्हटलं, "आता पिशवी टाक बघू."

आमची कपिला गाय पिशव्या खाऊन पोट फुगून गेली, ते दोघींनी बघितलंय. मग पदर खोचून सुमनच आधी पिशव्या काढायला बसली.

गठ्ठे धुतलेल्या जुन्या लुगड्यांत बांधले. तेव्हा कुठं तिला हसू फुटलं, "सासूबाईंचं लुगडं निघालं गं बाई परदेशी पंगतीला!"

निघू दे. खेळात कोण जिंकायचं ते जिंको. आमची पत्रावळ म्हशीनं पास केली आहे, टाक्यांसकट.