सहा चढणार, पाच उतरणार

शनिवार, १० मे

चढलो बाई एकदाचे! दहाच्या ठोक्याला टॅक्सी धक्क्यावर थांबली आणि समोर यॉट उभी. पांढरीशुभ्र, तीन मजली, एका नजरेत मावणार नाही इतकी लांब. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मला न्याहाळतात तसंच, आणि म्हणाल्या की फोटोत बरी मोठी दिसत होती.

या आठवड्यात कशाचंही वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. निमित्त बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पंचाहत्तरीचं. किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवस फिरायचं, वाटेल तिथे नांगर टाकायचा, पोहायचं, लोळायचं. बुकिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठ महिन्यांपूर्वी घरात आलेली धाकटी सून मी, मला नाही म्हणायची सोय कुठे आहे? बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बोहल्यावर चढायची हौस माझीच.

आम्ही सहा जण. बाबा, सासूबाई, मोठे दीर (त्यांना मी भाऊजी म्हणते), जाऊबाई, माझा नवरा आणि मी. शिडीपाशी वेताची टोपली ठेवली होती. चपला, बूट सगळं तिच्यात काढायचं, सागवानी डेकवर अनवाणीच फिरायचं. जाऊबाईंच्या टाचांना भेगा आहेत, त्यामुळे त्या दिवसभर चवड्यांवर चालल्या. मी नुसती बघत होते.

कर्मचारी बारा, सगळे पांढऱ्या कपड्यांत. घरकाम बघणारी त्यांची मुख्य बाई पन्नाशीची आहे, केस चापून बसवलेले, आवाज तुपासारखा. मी मनातल्या मनात तिचं नाव कारभारीण ठेवलंय. आम्हाला काय हवं ते तिला आमच्याआधी कळतं. सासूबाईंची उशी पातळ, ह्याचा चहा बिनदुधाचा, माझी खोली गार. महिन्याभरापूर्वी त्यांनी चौदा पानी पसंतीचा अर्ज पाठवला होता. कोण काय खातं, कोणाला काय खपत नाही, सगळं त्यात. एका संध्याकाळी बसून मी तो भरला. खरं सांगायचं तर थोडा आगाऊपणाही केला. जाऊबाईंच्या रकान्यात लिहिलं की त्यांना कुणी बोललेलं सहन होत नाही. भाऊजींच्या रकान्यात लिहिलं की सुट्टीत फोन बंद म्हणजे बंद, सगळ्यांचाच.

संध्याकाळी निळंभोर पाणी आणि हातात थंड सरबत. नवरा म्हणाला, तू होतीस म्हणून जमलं. सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

रविवार, ११ मे

या लोकांना गंमत कळत नाही. जाऊबाईंशी कुणी बोलतच नाही. त्यांनी टॉवेल मागितला तर खलाशी ओठांवर बोट ठेवतो आणि टॉवेल आणून देतो. त्या माझ्याकडे संशयाने बघताहेत. मी उशीत तोंड खुपसून हसून घेतलं.

फोन काल तिजोरीत गेले ते गेलेच. भाऊजींनी तासभर आरडाओरडा केला. कारभारीण प्रत्येक वेळी तेच म्हणाली, अर्जाप्रमाणे.

बाबांचं मीठ डॉक्टरांनी तोडलंय, म्हणून मी तसं लिहिलं होतं. पण वाढदिवसाच्या सूपमध्ये चिमूटभर मागितलं तर काय बिघडलं? स्वयंपाकी नम्रपणे नाही म्हणाला. बाबा खोडकर आहेत. त्यांनी रेलिंगवर बोट फिरवून समुद्राचा खार चाटला आणि मला डोळा मारला. पाच मिनिटांत दोन खलाशी आले. त्यांनी अख्खं रेलिंग गोड्या पाण्याने धुऊन काढलं. मग एकाने बाबांचा हात धरला आणि एकेक बोट पुसलं. बाबांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने पकड जरा घट्ट केली. चेहऱ्यावर हसू तसंच.

ते मला आवडलं नाही.

सोमवार, १२ मे

भर दुपारी एका बंदरासमोर थांबलो. छोटी होडी पाण्यात सोडली, दोन खलाशी तिच्यात बसले, दहा मिनिटं वाट बघितली आणि होडी परत वर घेतली. नांगर उचलला. निघालो. कुणाची वाट बघत होते ते कळेना.

चहाच्या वेळी कारभारणीने अर्जाचं शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं. चढणारे सहा. शेवटच्या बंदरावर उतरणारे पाच. अक्षर माझंच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भाऊजींना कामासाठी आज दुपारी त्याच बंदरावर उतरायचं होतं. ते काम निघायच्या दोन दिवस आधी रद्द झालं आणि मी अर्ज दुरुस्त करायचा विसरले. मी हसत हसत तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, नांगर उचलल्यावर अर्जात खाडाखोड होत नाही. पाहुण्याला मधलं बंदर होतं, ते गेलं. आता रिकामी जागा तेवढी भरता येईल. जो उतरणार नाही त्याचं नाव. शनिवारपर्यंत दिलं तरी चालेल.

मी विचारलं की न उतरून करायचं काय? तिने कप उचलले.

मंगळवार, १३ मे

सकाळी टेबलावर पाच ताटल्या, पाच खुर्च्या. बाकीच्या खुर्च्या कुठे गेल्या ते कळेना. मी उभ्यानेच खाल्लं आणि खाता खाता सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, एक साधं काम सांगितलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, माझ्याशी कुणी का बोलत नाही ते आज कळलं. भाऊजी कॅप्टनच्या अंगावर धावून गेले. कॅप्टनने हात पाठीमागे बांधून सगळं ऐकलं आणि सांगितलं की आज समुद्र छान शांत आहे.

किनारा दिसत होता, झाडं मोजता येतील इतका जवळ. भाऊजींनी सरळ उडी मारली. चांगले पोहणारे आहेत. खलाशांना घाई नव्हती. होडीने मागोमाग गेले, लांब आकड्याने शर्टाची कॉलर पकडली आणि ओढून आणलं. वर आल्यावर अंगाभोवती ऊबदार टॉवेल गुंडाळला, हातात संत्र्याचा रस दिला. भाऊजींचे दात वाजत होते. उन्हात.

मला आता हसू येत नाही.

बुधवार, १४ मे

आठच्या नाश्त्याला सगळे सातलाच टेबलाशी. सासूबाई पर्स मांडीवर घेऊन ठाण मांडून बसलेल्या. मी आत आले तेव्हा पाचही खुर्च्या भरल्या होत्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि पावाला लोणी लावायला लागला. बाबा उठत होते, सासूबाईंनी त्यांचा दंड धरून खाली बसवलं. म्हणाल्या, घोळ जिने घातला तिने निस्तरावा.

दुपारी रेलिंग पुसणाऱ्या बाईकडे नीट बघितलं. सत्तरीची असेल. पांढऱ्या कॉलरच्या आत मोत्यांची माळ. खरे मोती. मी विचारलं, किती वर्षं झाली इथे? तिने बोटं मोजली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली की ती नातवंडांना घेऊन फिरायला आली होती.

कारभारणीला गाठलं. तिने काही लपवलं नाही. ती स्वतः नऊ जणांत आली होती. नाव भावाने दिलं. स्वयंपाकी दातांचा डॉक्टर होता. कॅप्टन नव्या बायकोबरोबर आलेला. बारा जण म्हणजे बारा अर्ज. इथे कुणाला नोकरीवर ठेवत नाहीत, ती म्हणाली. उरतात ते.

म्हणून ते आमचा एकेक शब्द पाळतात. प्रेमाने नाही. आम्ही उतरणारे आहोत म्हणून. तिच्या आवाजातल्या तुपाखाली काय आहे ते आज पहिल्यांदा दिसलं. आमच्या अंगाची कातडी सोलावीशी वाटत असेल तिला, आणि ती उशा झटकते.

गुरुवार, १५ मे

कारभारणीने टेबलाशी येऊन सगळ्यांना ऐकवलं की नाव अर्जावर सही करणारी व्यक्तीच देऊ शकते. म्हणजे मी.

काय बदल झाला एका तासात! सासूबाईंनी मला बाळ म्हटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. जाऊबाईंनी माझे केस विंचरले. भाऊजींनी त्यांची खुर्ची मला दिली आणि ते उभे राहिले. मला आवडलं. इथे कशाला खोटं लिहू, मला खूप आवडलं. जेवताना मुद्दाम एकेकाच्या तोंडाकडे रोखून बघितलं. सासूबाईंच्या हातून चमचा पडला.

दुपारी बाबा एकटे येऊन बसले. म्हणाले, माझं लिही, पोरी. मी पंचाहत्तरचा. समुद्र बघायचाच होता मला. त्यांच्या बोटांची साल निघालीये. ते लोक अजूनही पुसतात, प्रत्येक जेवणाआधी.

मी रडले. नवऱ्याला सांगितलं, मी कुणाचंच नाव देणार नाही. जागा रिकामी ठेवू, काय करायचं ते करू देत. त्याने मला जवळ घेतलं. म्हणाला, तू म्हणशील तसं.

शुक्रवार, १६ मे

सकाळपासून हा माझ्या मागेमागे. खांदे चेपून दिले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, पासपोर्टवर तुझं नाव अजून माहेरचंच आहे ना? मी म्हटलं, हो, बदलायला वेळ कुठे झाला. म्हणाला, पूर्ण कसं आहे? मी सांगितलं. जन्मतारीखही सांगितली. त्याने दोनदा म्हणून बघितलं, चुकू नये म्हणून.

मला वाटलं, परत गेल्यावर कागदपत्रं करायची असतील. मला वाटलं, त्याला आपण परत जाऊ अशी खात्री आहे.

दुपारी. जेवायला टेबलाशी गेले. सगळे हसतखेळत बोलत होते. मला बघून कुणी गप्प झालं नाही. कुणी बाळही म्हटलं नाही. खुर्च्या पाच.

बाबा तेवढे रडत होते.

कारभारणीला विचारलं. अर्जावर सह्या दोन आहेत, ती म्हणाली. एक माझी. दुसरी ह्याची, अर्ज भरला त्या संध्याकाळी घरी मीच घेतली होती, चहा पिता पिता. दोघांपैकी कुणीही—

पान दाखव म्हटलं. दाखवलं. किती सुरेख अक्षर आहे ह्याचं. एकही चूक नाही.

शनिवार, १७ मे, सकाळ

डेकवर पाच बॅगा. माझी नाही.

बिछान्यावर पांढरे कपडे. इस्त्री केलेले. माझ्या मापाचे— दार उघडंच आहे. कुणी अडवत नाही. वर गेले, आरडाओरडा केला, ह्याचा शर्ट धरला— दोन खलाशांनी माझी बोटं सोडवली. एकेक. हळूच. हा शर्ट सारखा करत होता. म्हणाला, तमाशा करू नकोस, बाबांना त्रास होतो.

जाऊबाई म्हणाल्या, आता हिच्याशीही कुणी बोलू नका.

अकरा वाजता

होडी सोडली. पाच जण. बाबा कालपासून भांबावलेले, विचारत होते, धाकटी कुठेय, धाकटी कुठेय. सासूबाईंनी सांगितलं, दुसऱ्या खेपेला येतेय— बाबांनी मान डोलावली. मला हात केला.

मी कपडे घातले नाहीत. घालणार नाही.

साडेअकरा

होडी परत आली! हा एकटाच— मला न्यायला, शेवटी त्याला— मी शिडीकडे धावले—

गॉगल विसरला होता.

कारभारीण म्हणाली, द्या त्यांना. मी दिला. का दिला? माझ्या अंगावर पांढरे कपडे होते. कधी घातले ते आठवत नाही— त्याने काचा पुसल्या. थँक यू म्हणाला. मग मान वर केली, माझ्या डोळ्यांत बघितलं. पुरतं बघितलं. तो मला ओळखत होता. हे लिहून ठेवते, नंतर मला वेगळं वाटायला लागलं तर— तो मला चांगला ओळखत होता आणि तरी