फाइलमधलं बॅडमिंटन

आइंडहोवन, १३ मे २०२२

प्रिय संपदा,

माझा दावा फेटाळला, हे तुला माहीत आहेच. का फेटाळला, ते काल लसीकरण केंद्राच्या विमा कंपनीच्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. कोविडची लस खांद्यात फार वर टोचली गेली, हे त्यांच्या डॉक्टरला पटलंय. पण खांदा आधीपासूनच दुखत होता, असं माझ्या हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, नोंदीत आहे म्हणे. मी लगेच ऑनलाइन फाइल उघडली. लशीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची नोंद : “वर्षभर दुखतोय, बॅडमिंटनमुळे.”

त्या दिवशी मला ताप होता, हात उचलवत नव्हता. दवाखान्यात फोन तू लावलास, कारण तुझं डच पक्कं. “तू पड गं, मी बघते त्यांच्याकडे,” म्हणालीस आणि बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलंस. तेव्हा मला केवढा आधार वाटला होता!

बॅडमिंटन मी शेवटचं खेळले ते सांगलीत, कॉलेजात, तुझ्याच जोडीला. इथे कुणाला ते ठाऊकही नाही.

तुझ्या बाजूनंही विचार करून पाहिला. गमतीत बोलली असशील, दवाखान्यातल्या बाईनं ते खरं धरलं असेल. पण मग बाकीचंही आठवतं. तू तेव्हा त्याच लसीकरण केंद्रात नोंदणीला होतीस. माझ्या कुर्त्याची घट्ट बाही वर सरकेना, तेव्हा “गळा खाली ओढ की, मागे लोक थांबलेत,” हे तूच म्हणालीस. महिन्याभरात तू तिथे कायम झालीस. पेढे आणलेस तेव्हा मला डबा धरता येईना, आणि तू नजर वळवलीस. की हे मला आता तसं वाटतंय?

अजून कामावर क्लीनरूमचा तो अंगभर सूट मला एकटीला चढवता येत नाही. माझ्या शिफ्टमधली मीनल रोज मागून बाही धरते. जूनमध्ये नोकरीचा करार संपतोय. दावा मान्य झाला तर बरी होईपर्यंत इथे तग धरता येईल, नाहीतर गाशा गुंडाळून सांगली.

फेरविचाराची सुनावणी येत्या गुरुवारी दहाला आहे. आणि तुला कल्पना नसेल, त्या दवाखान्यात फोन रेकॉर्ड होतात. तुझा तो फोन मी आज सकाळी मागितलाय. बुधवारी मिळेल, आणि एक दुभाषी बाई शेजारी बसून मला तो शब्दन्‌शब्द सांगणार आहेत. त्यांच्याआधी तो तुझ्याकडून ऐकावा, म्हणून हे पत्र. मंगळवारी मी दिवसभर घरी आहे.

अजून तरी तुझीच,
नीलिमा