रोज सैल होणारा बेलर

आष्टा, १२ जानेवारी

आण्णा,

गेल्या संक्रांतीनंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. आज लिहितेय तेही वैतागून. दादा पलटणीतून पेन्शनवर आल्यापासून आम्ही दोघं भावंडं बेलर चालवतो. ऊसतोडणी झालेल्या फडातलं पाचट दाबून, सुतळीनं बांधून गठ्ठे करून देतो. आणि चार दिवस झाले, दर तिसऱ्या गठ्ठ्याला सुतळी तुटतेय, पाचट पुन्हा रानभर. दाब जास्त होतोय हे मला कळत होतं. मागं गठ्ठा बाहेर पडतो तिथं दोन हँडलं असतात, आवळली की गठ्ठा घट्ट. ती मी रोज संध्याकाळी दोन-दोन आटे सैल करून येते, आणि सकाळी पुन्हा तेच. सुतळी बदलली, विनाकारण दुकानदाराला बोलले, सुतळी कापायची सुरी घासली.

आज सकाळी जरा लवकर गेले, तर दादा ग्रीस भरून झाल्यावर तीच हँडलं आवळत होता. मी विचारलं, हे रोज करतोस? म्हणाला, "रोज रातीत ढिली पडत्यात बघ. मी हाय म्हणून चाललंय."

रोज संध्याकाळी ती मीच सैल करते, हे मी सांगितलं नाही. दिवसभर सुतळी तुटत राहिली, दादा सुतळीला शिव्या देत राहिला. दुपारी रानमालक बांधावर आले. आवाज न चढवता म्हणाले, "ताई, उद्या दुपारपतूर वावर मोकळं करा. न्हाईतर काडी लावतो, खोडव्याला पाणी द्यायचंय." त्यांनी पेटवलं की शेजारचेही पेटवणार. मग या शिवारात आम्हाला कोण बोलावतंय?

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये मी तुमचा डबा घेऊन यायचे. एकदा तुम्ही हात धुवायला गेलात आणि मी शहाणपणा करून पंपाचे दोन नट फिरवले. तुम्ही येता, बघता, सगळ्यांदेखत माझ्या हातातला पाना काढून घेता. "एका टायमाला एकच नट, बाय. दोन फिरवलंस तर कशानं काय झालं ते कळायचं न्हाई." एकाच नटावर दोन माणसं असली तर काय करायचं, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

की तुमच्यावर ढकलतेय मी? सकाळी एक वाक्य बोलले असते तर आजचा दिवस वाचला असता. तुम्ही आता नाही, हे पान कुणाला पोचायचं नाही, म्हणून लिहिते: दादा सगळ्यांसमोर चुकलेला मला बघायचा होता.

उद्या: ग्रीस भरायच्या आधी दादाला सांगणे.