कामापुरता फोन

पांढुर्णा, १२ जानेवारी, सोमवार

भाचीला सौंसरच्या एका शाळेत नोकरी हवी, म्हणून आज शकुंतलाला फोन केला. वीस वर्षं आम्ही एकत्र शिकवलं. ती सणासुदीला सगळ्यांना फोन करायची आणि मी स्टाफरूममध्ये तिला ‘टेलिफोन एक्स्चेंज’ म्हणायचे. ओळखी जपणं म्हणजे लाळघोटेपणा, हे माझं ठाम मत! निवृत्तीनंतरही तिचेच फोन यायचे. गुडघा दुखतोय, असं सांगून मी लवकर ठेवायचे.

आजही तिने आधी गुडघाच विचारला. मग म्हणाली, “भाचीचे कागद पाठवा बाई, मी बोलते न तिथल्या मोठ्या मॅडमशी.”

काम झालं, तेव्हा मला शिष्टाचार आठवला. “भाऊजी कसे आहेत?”

“ते गेले न बाई, दिवाळीच्या आधी. तुमचा गुडघा दुखून राहिला होता, म्हणून मुद्दाम नाही कळवलं. तुम्ही तशाच धावत आल्या असत्या.”

आले असते का मी?

मी म्हणे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांकडून मॅनर्स शिकले. जळले ते मॅनर्स.

गुडघा केव्हाचाच बरा आहे. उद्या सकाळच्या बसने रामाकोन्याला तिच्या घरी जाते. भाचीचे कागद मात्र नेणार नाही.